तिसरी

बोटीचं नाव तिसरी.
पहिल्या दोन्हींचं काय झालं, मी फोनवर विचारलं.
कप्तान आल्मेदा हसले. बुडाल्या नाहीत म्हणाले,
तिसरी म्हणजे शिंपला, आमच्याकडे त्याचं कालवण करतात.
मी म्हटलं, बरं. आमच्याकडं
शिंपल्या दळून कोंबड्यांना घालतात.

त्यांना इंजिन कळणारं माणूस हवं होतं.
गोव्याहून सेशेल्स, अठरा दिवस, वारा पडला तर किती कोण जाणे,
चाळीस फुटांत पाच जण
आणि एक जुनं डिझेल, जे उकाड्यात रुसतं.
त्याच्या पंपाची शाफ्ट उद्यमनगरात
माझ्या लेथवर दोनदा येऊन गेलेली.
माणसाआधी मला त्याची झीज ठाऊक.

कागदावर शेवटचा रकाना होता:
पाण्यावरचा अनुभव.
इम्तियाज म्हणाला, रंकाळ्यातली पायडलची बदकं लिहा की ताई,
दोन फेऱ्या, उलटी न्हाई.

मी लिहिलं: एकोणीस साल, ऑगस्ट, सहा दिवस.
चिखली, आंबेवाडी.
रबरी बोट, पंधरा अश्वशक्तीचं इंजिन.
रस्त्यावरूनच चालवली. रस्ता आठ फूट खाली होता.
खुणा: पाण्याच्या टाकीचं टोक, पिंपळाचा शेंडा,
एका गच्चीवर बांधलेली म्हैस.
तिच्या डावीकडून जायचं, उजवीकडं विजेच्या तारा.
तिसऱ्या दिवशी पंख्यात साडी गुंतली,
जरीची, घडी न मोडलेली;
पात्यांतून कापून काढली.
बोटीत बसलेल्या बाईनं तिकडं पाहिलं नाही.
याला अनुभव म्हणतात का, माहीत नाही.
खाली जमीन होती. पाणी परत जाणार
हे रडणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

चार दिवसांनी एवढाच निरोप आला: म्हैस वाचली का?
वाचली, मी कळवलं.
मग या, म्हणाले.

आता लेथच्या पायाला दोरी बांधून गाठी शिकते.
सर्जाकाकांनी बघितलं. ही तर खुंट्याची गाठ,
म्हणाले, बैलाला कळती, तुला शिकायला लागती?
पौषात कोण घर सोडतं, हेही म्हणाले.
मी म्हटलं, वारा पौषातच पाठीशी असतो.
यावर त्यांच्याकडं उत्तर नव्हतं, पण ते गेलेही नाहीत,
बराच वेळ दोरी हातात घेऊन बसले.

रात्री बारा ते तीन गच्चीत जागायची सवय करतेय.
उसाच्या ट्रॉल्या खडखडत जातात,
कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड धूर येतो,
शिरोलीकडं भट्ट्यांनी आभाळ तांबूस राहतं.
खाली अंधारात कुठंतरी पंचगंगा.
समुद्र इथून पश्चिमेला, गगनबावडा उतरला की आलाच,
आणि ही त्याच्याकडं पाठ करून निघते,
कृष्णेचा हात धरून अख्खा देश ओलांडते,
भलत्याच समुद्राला मिळते.
तिला कुणी विचारत नाही, तुला काय सिद्ध करायचंय.
मला रोज विचारतात.

वैजयंता वहिनीनं चटणीचा डबा भरला,
गुळाची ढेप फडक्यात बांधली.
समुद्रात मुंग्या नसतात न्हवं, एवढंच तिचं भय.
चपला मात्र ठेवून जायच्या. डेकवर चामडं चालत नाही.
नव्या कापशी, अजून करकरतात;
दुकानाच्या उंबऱ्याशी ठेवल्यात, इम्तियाज तेल लावेल.

तोच आज जादा गॅस्केटं मोजून पिशवीत भरत होता.
पुराच्या वेळी पंधरा वर्षांचा होता,
बोटीच्या टोकाला बसून बांबूनं तळ चाचपायचा,
ओरडून सांगायचा: कठडा! टपरी! ताई, देवळाची पायरी!

इंजिन बंद पडलं तर?
शीड आहे की.
वारा पडला तर?
बसायचं.
दोन गॅस्केटं त्यानं पुन्हा मोजली.
तिथं बांबू टेकत नसंल, न्हवं?

मी शाफ्ट पुसत होते.
पुसतच राहिले.